डाव कोणाचा, टाळी कोणाची?

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत 'बाहेरील टांग' या डावाला पंचांनी चार गुण दिले. डाव पुरता बसला होता की नाही, हा वस्तादांचा प्रश्न. पण पुढे कित्येक दिवस ती कुस्ती मोबाइलवर चालली, आणि तेथे भांडणाऱ्या अनेकांनी डावाआधी मल्लांची आडनावे पाहिली होती. पंचाला धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली.

माणूस 'आपला' आणि 'परका' किती सहज ठरवतो? नाझींच्या वंशसंहारात कुटुंबीय गमावलेले मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० साली ब्रिस्टॉलच्या शाळकरी मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडली, एवढ्यावरून गट पाडल्याचे मुलांना सांगितले. आपल्या गटात कोण आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हते. तरीही पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा जास्त हवे, असाही कल दिसला.

तिथे निमित्त चित्रांचे होते. आपल्याकडे ते जन्माआधीच तयार असते. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नेमके हेच दाखवले की, येथे गुणांची कदर होते, पण गुणी माणूस स्वजातीचा असेल तरच. ते भाषण लाहोरला होऊ दिले गेले नाही, हा योगायोग नव्हे.

पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना आखाड्याबाहेर उभे केले, त्यांनी आपले पोर जिंकल्यावर डफड्यावर नाचावे, त्या आनंदाला मी नावे ठेवणार नाही. वरचढांच्या गर्वाशी त्याची तुलनाच अन्यायाची आहे. तालमीचा अभिमानही मला खटकत नाही, कारण गंगावेस असो वा मोतीबाग, तेथे 'आपले' होण्यासाठी तांबड्या मातीत घाम गाळावा लागतो. आडनावाला घाम लागत नाही.

आपल्या जिल्ह्यातील आमदंगलीत अजूनही एखादा म्हातारा परगावच्या पोराच्या हातावर बक्षिसाची नोट ठेवतो. त्याला डाव दिसलेला असतो. ही नजर शिकवता येते. आपल्या निवासी शाळेतील आंतरगट सामन्यांत उत्कृष्ट खेळाडूची निवड प्रत्येक गटाने समोरच्या गटातून करावी आणि का निवडला, हे चार वाक्यांत सांगावे. पहिल्या वर्षी मुले कुरकुरतील. पालकही, कदाचित थोडे अधिकच.