ओसरीवरून : ओट्याची उंची

प्रवेशाचे दिवस आले म्हणजे घरोघर रात्रीं जेवणानंतर एक सभा भरते. तीन वर्षांपूर्वीं आमच्याहि घरांत ती भरली होती. नात बारावी उत्तीर्ण झाली होती, गुण चांगले होते, आणि तिनें सर्वांदेखत सांगितलें कीं, मला इंटीरियर डिझाइन शिकावयाचें आहे, आणि तेंहि विद्यापीठाची पदवी घेऊन. चिरंजीव माझ्याकडे पाहूं लागले. सूनबाईंनीं ताटें उचलण्याचें निमित्त केलें. वडीलकीचा मान मजकडे असल्यामुळें बोलणें प्राप्त होतें, आणि मी बोललों तें असें : "पडदे नि गिरद्या निवडायला विद्यापीठ कशाला? तें तुझी आजी न शिकतां करते."

हें वाक्य बोलून मी स्वतःवर बराच खूष झालों, हें वाचकांपासून लपवीत नाहीं. जन्मभर वर्गापुढें बोललेल्या मनुष्यास आपलें वाक्य सर्वांआधीं आपल्यालाच ऐकूं येतें.

परंतु माझ्या विरोधाला केवळ वाक्याची हौस कारण नव्हती. आमच्या वडिलांनीं १९८६ सालीं गिरगांवांतील चाळीची खोली सोडली आणि आम्हां दोघां भावांसाठीं भाईंदरास शेजारीशेजारीं दोन ब्लॉक घेतले. येथील नगरपरिषद आदल्याच वर्षीं स्थापन झालेली. महानगरपालिका व्हावयास २००२ साल उजाडावें लागलें. सभोंवार मिठागरें, खाडीवरून येणारी खारी हवा, आणि पावसाळ्यांत भिंतीला हात लावला तर हाताला ओल. दोन्ही ब्लॉकांमधल्या भिंतींत वडिलांनीं एक दार पाडलें. स्वयंपाकघरें दोन असलीं तरी अन्न एकाच घरांत शिजे, आणि अजूनहि तसेंच शिजतें.

दहा-बारा वर्षांपूर्वीं पुतण्याच्या मनांत घराचा कायापालट करण्याचें आलें. एक सजावटकार बोलावला. त्याचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्यानें गुळगुळीत कागदांचें एक पुस्तक आणलें, आम्हीं सर्वांनीं तें चाळलें, आणि त्यांतील चित्राबरहुकूम काळ्या दगडाचा ओटा झाला. ओट्याची उंची ३६ इंच. माझा ह्या कार्यांतील वांटा म्हणाल तर दगडाचा रंग मीं पसंत केला. आमच्या सौ. ची उंची चार फूट दहा इंच आहे, हें ध्यानांत घ्यावें असें त्या सजावटकारास वाटलें नाहीं, आणि लग्नाला इतकीं वर्षें होऊनहि तें मलाहि सुचलें नाहीं. तीहि कांहीं बोलली नाहीं. ओट्यापुढें जेवणाचा एक पाट ठेवून त्यावर उभी राहून ती स्वयंपाक करूं लागली. दुसऱ्या श्रावणांत पुरणपोळीच्या दिवशीं पाट घसरला, ती पडली, आणि उजव्या हाताचें मनगट मोडलें. सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें होता. त्याच सुमारास भिंतीला लावलेल्या प्लायवुडाच्या मागें ओल धरून वाळवी निघाली. तेव्हांपासून ह्या सबंध धंद्यावर माझा राग होता.

त्या रात्रींच्या सभेंत मीं हाच दाखला दिला. त्यावर, कधीं सभेंत न बोलणारी सौ. म्हणाली, "अहो, मी पडलें ती तो माणूस शिकलेला नव्हता म्हणून. हिला शिकूं द्या." सभा तेथेंच संपली.

प्रवेश मिळाला, आणि पहिल्या सहामाहींतच मुलीला घरचा अभ्यास मिळाला तो असा : आपलें राहतें घर मोजा, त्याचा नकाशा काढा, आणि त्या घरांत सर्वांत अधिक काम करणारें माणूस मोजा. पहिल्या दोन गोष्टी मला समजल्या. तिसरी समजेना. नातीनें आजीला भिंतीशीं उभें केलें. कोपर जमिनीपासून किती, खांदा किती, हात वर केला तर कोठवर पोंचतो, वांकल्यावांचून किती खालीं जातो, हें सर्व फितीनें मोजून वहींत उतरविलें. सौ. हंसत होती. म्हणाली, "इतक्या वर्षांत मला मोजलें तें एका शिंप्यानें. तूं दुसरी."

कोपर निघालें ३६ इंचांवर, म्हणजे बरोबर ओट्याच्या पृष्ठभागाशीं. नातीनें मला समजावून सांगितलें कीं, पोळी लाटावयाची तर लाटणाऱ्याच्या कोपराखालीं चार-पांच इंच पृष्ठभाग हवा. म्हणजे अंगाचा भार हातांत उतरतो. कोपराइतक्या ओट्यावर पोळपाट ठेवला कीं खांदे उचलूनच लाटावें लागतें. शेगडीची उंची आणखी पांच-सहा इंच, तिच्यावर पातेलें. तें ढवळावयाचें म्हणजे हात जवळजवळ खांद्याशीं. सौ. ची खांदेदुखी आम्ही वाताची समजत होतों, आणि तिच्यावर तेलें चोळून झालीं होतीं.

मीं तिला विचारलें, हीं मापें ठरलीं कोठें? तिनें सांगितलेली हकीकत मोठी मौजेची आहे. पश्चिमेकडील प्रख्यात वास्तुकार ल कोर्ब्युझिए, ज्यांनीं चंदीगड उभें केलें, त्यांनीं १९४८ सालीं मापांची एक पद्धति प्रसिद्ध केली. तिच्या मुळाशीं १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट उंचीचा पुरुष आहे. आमच्या माजघरांतून असा पुरुष सहसा हिंडत नाहीं, आणि हिंडला तरी पोळ्या लाटीत नाहीं. आपल्या देशांतील स्त्रीपुरुषांच्या अंगमापांचा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनें १९९७ सालीं प्रसिद्ध केला. नातीच्या टेबलावर तो असतो. त्यांत नुसते आंकडे आहेत; पण मी तो एखाद्या कोशासारखा चाळीत बसतों.

ह्यावर गप्प बसलों तर संस्कृत शिकल्याचा उपयोग काय! मीं वराहमिहिराची बृहत्संहिता काढली. सहाव्या शतकांतील ह्या ग्रंथांत शय्या व आसनें ह्यांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. पलंगाला लांकूड कोणतें चांगलें, तर साग, शिसवी, देवदार, चंदन इत्यादि. अंगुळ कसें मोजावें, तर सोललेले आठ यव पोटाला पोट लावून ठेवावे, तें एक अंगुळ. खुरांची उंची लांबीच्या एक-तृतीयांश. मी अभिमानानें वाचून दाखवीत होतों. पुढें लांबी आली : राजाचा पलंग शंभर अंगुळांचा, राजपुत्राचा नव्वद, मंत्र्याचा चौऱ्यायशी, सेनापतीचा अठ्ठ्याहत्तर आणि पुरोहिताचा बहात्तर. नातीनें तत्काळ पाऊण इंचाचें अंगुळ धरून हिशेब केला आणि म्हणाली, "आजोबा, राजाला सवासहा फूट आणि पुरोहिताला साडेचार! पुरोहित पाय पोटाशीं घेऊन झोपत होता काय?" आचार्यांनीं माप धरलें तें पदवीचें, देहाचें नव्हे, हें मला कबूल करावें लागलें. आपल्या वाचकवर्गांत पुरोहितांचीं घराणीं बरींच असतील. त्यांनीं आपापल्या पूर्वजांविषयीं विचार करावा.

आतां कोणी म्हणेल, आमच्या वाडवडिलांचीं घरें कोठल्या विद्यापीठांत शिकून बांधलीं होतीं? प्रश्न रास्त आहे. माझें आजोळ कोंकणांत. तेथें ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, न्हाणी, प्रत्येकाचें काम ठरलेलें. दिव्याला दिवळी, भांड्यांना फडताळ, पागोट्याला खुंटी. स्वयंपाक बसून होई, म्हणून ओट्याच्या उंचीचा प्रश्नच नव्हता. असें घर बांधणारा सुतार पिढ्यान् पिढ्या त्याच गांवांत राहणारा, आणि त्या घरांतील माणसें त्याच्या रोजच्या पाहण्यांतलीं. भाईंदरचा ब्लॉक बांधणाऱ्यास त्यांत कोण राहावयास येणार हें ठाऊक नव्हतें. त्यानें एक हॉल दिला. तोच आमची ओटी, तेंच माजघर, तीच अभ्यासिका, आणि रात्रीं तीच शेजघर. जें सुतार न शिकतां जाणत होता, तें आतां कोणीतरी शिकून जाणावयास हवें.

हें शिक्षण आपल्याकडे आजचें आहे असेंहि नाहीं. मुंबईचें सर जे. जे. कलाशाळेचें विद्यालय १८५७ सालचें. तेथें १८९१ सालीं लॉर्ड रे ह्यांच्या नांवानें लांकूडकाम, धातुकाम इत्यादि कलांच्या कार्यशाळा निघाल्या. पुढें तेथील वास्तुकलेचे प्राचार्य क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय इमारती फितीनें मोजून त्यांचीं रेखाटनें करावयास लावीत. नातीचा घरचा अभ्यास त्याच परंपरेंतला. १९३७ सालीं मुंबईच्या टाउन हॉलांत वास्तुकारांच्या संस्थेनें आदर्श गृहाचें प्रदर्शन भरविलें होतें. पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे त्याच काळांत मध्यमवर्गीयांच्या घरांवर पुस्तकांमागून पुस्तकें लिहीत होते. बाळकृष्ण दोशींचा जन्म १९२७ सालीं पुण्यांत, फर्निचरचा व्यवसाय करणाऱ्या एका मोठ्या एकत्र कुटुंबांत झाला. ते जे. जे. त शिकले, १९६२ सालीं त्यांनीं अहमदाबादेस वास्तुविद्येचें विद्यालय काढलें, आणि त्याचाच विस्तार होऊन झालेल्या संस्थेंत १९९१ सालीं गृहांतर्रचनेची स्वतंत्र शाखा निघाली. २०१८ सालीं वास्तुकलेचा जगांतील सर्वश्रेष्ठ मानला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार त्यांना मिळाला.

बाहेरच्या देशांतील एक उदाहरण सौ. ला फार आवडलें. व्हिएन्नाच्या ग्रेटे शुट्टे-लिहोत्स्की ह्या वास्तुकार बाईंनीं १९२६ सालीं फ्रँकफुर्ट शहरांतील नव्या वसाहतींसाठीं एक स्वयंपाकघर योजिलें : रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांतील स्वयंपाकघरासारखें, दोन पावलांत सर्व हाताशीं. अशीं सुमारें दहा हजार झालीं. गंमत अशी कीं, तोंपर्यंत आपण स्वतः कधीं स्वयंपाक केला नव्हता, असें बाईंनींच पुढें सांगून ठेवलें आहे. सौ. म्हणाली, "तरीच त्यांत दोन जावा मावत नाहींत." शास्त्र चांगलें, पण तें एकट्या गृहिणीचें, गणपतीच्या दिवशीं आमच्या स्वयंपाकघरांत चौघी असतात.

ज्यांच्या घरीं हा प्रश्न यंदा येणार आहे, त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे. वास्तुकलेची पदवी पांच वर्षांची. बारावीला गणित लागतें, 'नाटा' सारखी परीक्षा लागते, आणि १९७२ च्या कायद्यान्वयें वास्तुकला परिषदेंत नोंद झालेल्यासच 'आर्किटेक्ट' ही उपाधि लावतां येते. गृहांतर्रचनेची पदवी बहुधा चार वर्षांची; कोणत्याहि शाखेच्या मुलांना बहुतेक ठिकाणीं प्रवेश आहे; परंतु अभ्यासक्रमाच्या नांवांत 'आर्किटेक्चर' असलें म्हणजे मुलगी आर्किटेक्ट झाली असें समजूं नये. सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें आहे कीं, कायद्याचें बंधन त्या उपाधीवर आहे, कामावर नाहीं. पैसे भरण्यापूर्वीं पदवी कोणत्या विद्यापीठाची, हें आधीं पाहावें. चकचकीत इमारत मागाहून पाहावी. शाळेंत दिलेल्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट चित्रकलेच्या परीक्षा येथें उपयोगीं पडतात, ज्या मुलांना मीं "चित्रें काढून पोट भरतें काय?" असें विचारलें, त्यांची आज मनोमन क्षमा मागतों.

आणि अभ्यास हलका नाहीं. हातानें रेखाटन, मग संगणकावर, लांकूड, दगड, कापड ह्यांचे गुणदोष, उजेड, आवाज, विजेच्या तारा, पाण्याचे नळ, खर्चाचे अंदाज, कार्यशाळेंत रंधा हातीं धरून खुर्ची करणें. पडद्यांचा विषय अद्याप निघालेला मीं ऐकला नाहीं.

मात्र माझें मत खरोखर पालटलें तें गेल्या वर्षीं. पुतण्याच्या मनांत आलें कीं, दोन ब्लॉकांमधली भिंतच काढून टाकावी, म्हणजे मोठा दिवाणखाना होईल. घरांत शिकणारी मुलगी आहेच, तिनेंच सांगावें. नातीनें भिंत पाहिली, वरची तुळई पाहिली, आणि म्हणाली, "हें मला सांगतां येणार नाहीं. ह्याला संरचनेचा अभियंता लागतो." पुतण्या हिरमुसला. मी मात्र तिच्याकडे पाहतच राहिलों. आपल्याला काय येत नाहीं हें तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ठामपणें सांगतां येणें, ही गोष्ट मीं माझ्या सबंध नोकरींत फार थोड्यांत पाहिली; शिक्षकांतहि थोड्यांतच.

तीस वर्षें झालेल्या इमारतींची तपासणी करून घेणें महापालिका-कायद्यानें बंधनकारक आहेच. त्यामुळें अभियंता आला. त्यानें लहान हातोडीनें तुळई ठोठावली. एका जागीं आवाज पोकळ आला. गिलावा काढला तेव्हां आंतली सळई गंजून फुगलेली, आणि तिनें सभोंवतालचें काँक्रीट फोडलेलें. खाऱ्या हवेच्या गांवीं हें व्हावयाचेंच, असें तो म्हणाला. दुरुस्ती झाली. भिंत जागच्या जागीं आहे, आणि वडिलांनीं पाडलेलें दारहि तेवढेंच आहे.

उरलेल्या पैशांत ओटा झाला. सगळा ओटा फोडावयाचा असें मीं ठरविलें होतें. नातीनें नको म्हटलें. सूनबाई पांच फूट पांच इंच. त्यांना ३६ इंच बरोबर बसतात. म्हणून अर्धा ओटा तसाच ठेवून उरलेला अर्धा साडेएकतीस इंचांवर उतरविला. शेगडी खालच्या भागांत, कारण तिच्यावर भांडें चढलें कीं उंची वाढतेच. चिरणें-निवडणें वरच्या भागावर. गवंड्याला हा पायरीचा ओटा पसंत नव्हता. "दिसायला बरोबर नाहीं," असें तो दोनदां म्हणाला. नातीनें दोन्ही वेळां त्याला फीत दाखविली.

काम संपल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं सौ. पोळ्या करावयास उभी राहिली. कणीक पुढ्यांत घेतली आणि संवयीनें पाय पुढें करून पाट ओढूं लागली. पाट तेथें नव्हता. तो मीं पहाटेंच उचलून, धुऊन, देवघराखालीं ठेवला होता.