२०२४ मधील क्राउडस्ट्राइक बिघाड

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील विंडोज संगणक एकाएकी बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे ८५ लाख, म्हणजे एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहून कमी होती. तरीही अनेक देशांत विमानसेवा, बँका व रुग्णालये विस्कळीत झाली. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले.

कारण

क्राउडस्ट्राइकच्या ‘फाल्कन’ या सॉफ्टवेअरचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये चालतो. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा होय. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाल्यास तेवढाच प्रोग्रॅम बंद पडतो. कर्नलमध्ये झाल्यास माहितीची हानी टाळण्यासाठी विंडोज संपूर्ण संगणक थांबवते. भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ वाजता पाठवलेल्या ‘चॅनल फाइल २९१’मधील नियमांना २१ मूल्ये तपासायची होती, परंतु सॉफ्टवेअर २० मूल्येच पुरवत होते. एकविसावे मूल्य शोधताना मर्यादेबाहेरील मेमरी वाचली गेली. पूर्वीच्या चाचण्यांत एकविसाव्या जागी ‘कोणतेही मूल्य चालेल’ असा निकष असल्याने हा दोष उघडकीस आला नव्हता.

निदान

बंद पडताना विंडोज मेमरीतील स्थितीची नोंद जतन करते. तिला ‘क्रॅश डंप’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २७ जुलै रोजी प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात अशा नोंदींच्या आधारे क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरमधील सदोष वाचनाची पुष्टी केली. क्राउडस्ट्राइकचा मूळ कारणांविषयीचा अहवाल ६ ऑगस्टला आला.

दुरुस्ती

सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. तथापि, सुरू होतानाच पुन्हा बंद पडणाऱ्या बहुतेक संगणकांना दुरुस्त फाइल मिळू शकत नव्हती. ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून फाइल हाताने काढावी लागली, डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास त्याची रिकव्हरी कीही लागे. त्यामुळे काही संस्थांचे काम पूर्ववत होण्यास अनेक दिवस लागले.

परिणाम

या घटनेनंतर क्राउडस्ट्राइकने अपडेट टप्प्याटप्प्याने देण्याचे धोरण जाहीर केले. सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर चालवता यावे, यासाठीची योजना मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडली. कर्नलमधील स्थानामुळे अशा सॉफ्टवेअरला घातक प्रोग्रॅम लवकर ओळखता येतात. मात्र त्याच स्थानामुळे त्याची एक चूक संपूर्ण संगणक बंद पाडू शकते.