कळसूबाईला कार कशाला?

मित्रांनो, थोडं कडू बोलतो. १६४६ मीटरचं शिखर पायी चढायचं, पण पायथ्याच्या बारीपर्यंत स्वतःची कार हवीच, हा कसला ट्रेक? बारी घोटी-राजूर रस्त्यालगतच आहे, एसटीने जाता येतं. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते आणि अडकते कोण? गावकऱ्यांची लालपरी! आपण एसटीत बसत नाही, भारमान घटतं, भारमान घटलं की फेरी बंद. मग कॉलेजला जाणाऱ्या पोरींनी काय करायचं? पार्किंग वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी शनिवार-रविवारच्या जादा गाड्या मागाव्यात. महामंडळानेही त्या सोडाव्यात. आणि ट्रेकर मंडळी, तिकीट काढा. परतीच्या गाडीची वेळ तेवढी कंडक्टरला विचारून मगच चढायला लागा.