साथीला बसणाऱ्याची रात्र

कोजागरी झाली की पाचव्या दिवशी, आश्विन वद्य पंचमीला, खटाव तालुक्यातल्या औंधला गाण्याचा उत्सव असतो. शाळू वर आलेला, सोयाबीन घरात नाहीतर बाजारात गेलेले आणि पहाटे घोंगडीची आठवण होऊ लागलेली, असे ते दिवस. गायनाचार्य अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. अंतुबुवा मूळचे किन्हईचे. गाण्यातले त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ग्वाल्हेरची गायकी शिकून बाळकृष्णबुवांनी ती आपल्या मुलखात आणली. पुढे गावोगावी जे उत्सव उभे राहिले त्यांची मुळे अशी लांब गेलेली आहेत.

गवयांविषयी पुष्कळ लिहिले जाते. आज मला लिहायचे आहे ते त्यांच्या शेजारी बसणाऱ्या तबलजीविषयी.

माझ्या ओळखीचे एक तबलजी आहेत. तुमच्यासारखेच शेतकरी. दोन एकर रान आणि भावकीत सामाईक विहीर. गेल्या हिवाळ्यात ठिबकच्या कागदांसाठी कचेरीत आले, ते डोळे तांबारलेले घेऊनच. "काय हो, रात्री पाण्याची पाळी होती वाटतं?" मी विचारले.

"पाळी हुती साहेब, पर ती घरच्यांनी केली. आमी रातभर वाजवत हुतो."

मग चहा सांगितला आणि सगळी हकीकत काढून घेतली.

आपल्याच भागातल्या एका गावी गाण्याचा कार्यक्रम होता. यांची साथ एकाच गवयाला ठरलेली, रात्री नऊची. वाजवायचे, जेवायचे आणि मिळेल त्या गाडीने घर गाठायचे, असा बेत. पण दुसऱ्या तबलजीची गाडी वाटेत बंद पडली. नवाला बसलेला हा माणूस उठला तो थेट पहाटे पाचला. दोन गवई, एक गायिका आणि शेवटी सतार.

ऐकायला हे सोपे वाटते. पण पुरुष गवई साधारण काळी एकच्या सुरात गातो, तर बाईंचा सूर काळी चार. तबला त्या सुरात मिळवावा लागतो, आणि रुंद तोंडाचा खालच्या सुराचा तबला काही तितका वर चढत नाही. ओढून ताणला तर पुडी फाटते. यांनी आणलेला तबला एकच! शेवटी गावातल्या भजनी मंडळाचा लहान तोंडाचा तबला एका पोराने मोटरसायकलवरून आणला. आपली भजने चढ्या सुरात असतात, म्हणून तो उपयोगी पडला. बाई पडद्यामागे थांबलेल्या, लोक चुळबुळ करताहेत, आणि हे हातोडीने गठ्ठे ठोकून सूर चढवताहेत. मध्यरात्रीनंतर दव पडू लागले. कातड्याने ओल धरली की सूर उतरतो. म्हणून दर चिजेनंतर पुन्हा हातोडी.

आणि खरी कसोटी जलद वाजवण्यात नाही, असे ते म्हणाले. बडा ख्याल चालू असताना बारा मात्रांचे एक आवर्तन पुरे व्हायला कधी कधी मिनिटभर लागते. अर्धा-पाऊण तास तेच बोल, तितक्याच अंतराने. झोपेने डोळा लागला आणि एक मात्रा लांबली, तर समेवर येणारा गवई तोंडघशी पडतो. मला लगेच पाभर आठवली. चाड्यावर मूठ धरणाऱ्याकडे कोण बघतो? बैलांकडे बघतात, पाभर हाकणाऱ्याकडे बघतात. पण दाणा सारखा पडला नाही तर पंधरा दिवसांनी शेतच सांगते.

तीन वाजता सतारवाले बसले. त्यांना उत्साह भारी, द्रुत लयीत सवाल-जबाब सुरू झाले. यांचे तर्जनीचे टोक चिरलेले. चिकटपट्टी लावून वाजवले.

पाकीट मिळाले ते ठरलेल्या एका साथीचे.

"मागितलं का नाही?" म्हटले, तर म्हणाले, "उत्सवात मागायचं कसं, साहेब?" हे मला पटत नाही. इर्जिकीला आलेल्या माणसालाही आपण पोटभर जेवू घालतो आणि पुढे त्याच्या रानात जातो. चार जणांची साथ करणाऱ्याला एकाचे पैसे देणे ही देवाची सेवा नव्हे, हिशेबातली चूक आहे. ती दाखवून द्यायला लाज कसली?

स्वखुशीची सेवा वेगळी. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला कलावंत रात्र रात्र गातात, वाजवतात, ती खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणीची हजेरी असते. खाँसाहेबांची रात्रसुद्धा प्रवासातच संपली. ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासचा कार्यक्रम करून ते पाँडेचरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागले म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले, फलाटावर तंबोरा लावायला सांगितला, दरबारीत प्रार्थना गाइली आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन केले. तंबोरेही मिरजेतच घडतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याला लागणारा कडू भोपळा मात्र पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्यांच्या रानातून येतो. तो वेलावरच पक्का होऊ द्यावा लागतो. आमच्या खात्याच्या पीकवार पुस्तिकांत मला तो कधी दिसला नाही, हे जाता जाता सांगतो.

आता त्या रात्रीची दुसरी बाजू. त्या आठवड्यात यांच्या भागात शेतीची वीज रात्रीची होती. कांद्याची लागण नुकती झालेली, पाणी टाळून चालणार नव्हते. वहिनी एकट्याच बॅटरी घेऊन रानात गेल्या. सोबतीला कुत्रे. गेल्या वर्षी त्याच ओढ्याला बिबट्याचे ठसे दिसलेले. रात्री एकच्या सुमारास वीज गेली, दोनला आली, तोवर त्या बांधावर गोधडी पांघरून बसल्या होत्या. "भ्या वाटलं का?" असे नवऱ्याने सकाळी विचारले. त्या म्हणाल्या, "वाटून करायचं काय? दारं कुणी धरायची?"

हे सांगताना तबलजींचा आवाज बसला. गठ्ठे, दव, बोट हे सगळे त्यांनी हसत सांगितले होते.

मग मी ठिबकचे कागद बाजूला ठेवले आणि आधी सौर कृषिपंपाचा अर्ज भरायला घेतला. पाणी दिवसा देता आले तर निम्मे ओझे उतरेल. सामाईक विहीर, म्हणून हिस्सेदारांची संमती लागणार होती. दोन भावांनी सह्या दिल्या, तिसरा कामासाठी मुंबईला असतो. तो येईपर्यंत त्यांनी एक ठरवले आहे: रात्रीच्या विजेच्या आठवड्यात साथ घ्यायची ती सकाळच्या बैठकीची. आणि पिशवीत आता तबले दोन असतात.