गुणवत्ता कुणाची तपासायची? मुलीची की शाळेची?

आरक्षणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास तोंडावर फेकला जातो: "तुमच्या आईचं ऑपरेशन कमी मार्कांच्या डॉक्टरकडून करून घ्याल का?" आपली पोरं या प्रश्नावर एकतर चिडतात, नाहीतर गप्प बसतात. मित्रांनो, दोन्हीची गरज नाही. या प्रश्नाचं उत्तर अफगाणिस्तानच्या डोंगराळ खेड्यांतल्या मुलींनी वीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे.

२००१ च्या अखेरीस तालिबानची पहिली राजवट कोसळली. मागे दोन दशकांचं युद्ध होतं, आणि मुलींच्या शिक्षणावर कुलूप. २००२ मध्ये चार जिल्ह्यांत मातामृत्यूची पाहणी झाली. दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० माता मरत होत्या. राजधानी काबूलमध्ये हा आकडा ४०० च्या आसपास होता, तर बदख्शान प्रांतातल्या राघ या दुर्गम जिल्ह्यात ६,५०० च्या घरात. देश तोच, धर्म तोच. फरक होता तो दवाखाना आणि सुईण किती जवळ आहे याचा. रक्तस्राव आणि अडलेलं बाळंतपण ही मोठी कारणं, म्हणजे वेळेवर जाणती बाई हाताशी असती तर यातले बहुतेक जीव वाचले असते. पण त्या वेळी अख्ख्या देशात प्रशिक्षित सुइणी होत्या अवघ्या ४६७.

आता करायचं काय? शहरातल्या शिकलेल्या मुली डोंगरात जाऊन राहणार नाहीत, हे उघड होतं. आणि गावात बारावी झालेली मुलगी शोधून सापडत नव्हती, कारण तिची शाळाच बंद केलेली. 'मेरिट'चा आपल्याकडचा अर्थ लावला असता तर राघच्या बायका मरतच राहिल्या असत्या.

त्यांनी वेगळा मार्ग घेतला. प्रांताप्रांतांत 'कम्युनिटी मिडवाइफ' शाळा काढल्या. मुलगी त्याच भागातली हवी, गावाने तिची निवड करावी आणि शिकून तिने तिथेच काम करावं, अशी रचना केली. शालेय शिक्षणाची अट कमी ठेवली. वसतिगृह दिलं, लेकुरवाळ्या विद्यार्थिनींच्या मुलांना सांभाळण्याची सोय केली. अभ्यासक्रम आधी अठरा महिन्यांचा होता, पुढे दोन वर्षांचा केला.

इथपर्यंत ऐकून आपला मेरिटवाला म्हणेल, "म्हणजे दर्जा घसरला!" खरी गोष्ट इथेच सुरू होते. प्रवेशाची अट सैल केली, पण बाहेर पडण्याची अट सैल केली नाही. सुइणींच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय मान्यता मंडळ नेमलं आणि तपासणी शाळेची लावली. वर्गात शिकवतात कसं? सरावासाठी मॉडेल आहेत का? ज्या दवाखान्यात मुली शिकतात तिथे पुरेशी बाळंतपणं होतात का? शाळेचा कारभार कसा चालतो? शाळेने आधी स्वतःची तपासणी करायची, उणिवा भरून काढायच्या, मग बाहेरचे तपासनीस येणार. मुलीने आधी मॉडेलवर हात बसवायचा, मग शिक्षिकेच्या नजरेखाली प्रत्यक्ष बाईजवळ जायचं.

म्हणजे 'तू कुठून आलीस?' याऐवजी 'आम्ही तुला काय शिकवलं?' हा प्रश्न केंद्रस्थानी आला. दशकभरात सुइणींची संख्या तीन हजारांच्या वर गेली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२० पर्यंत मातामृत्यूचं प्रमाण ६२० च्या आसपास उतरलं. हे सगळं श्रेय एकट्या सुइणींचं नाही. रस्ते, दवाखाने, औषधं यांचाही वाटा आहे. पण त्यांच्याशिवाय हे झालं नसतं, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे बाळंतपण 'विटाळाचं' ठरवून नाळ कापण्याचं काम अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बायकांवर टाकलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या हुनर त्यांच्या हातात होता, पण त्यांच्यासाठी शाळा कुणी काढली नाही. त्याच कामाला पगार आणि प्रतिष्ठा आली तेव्हा मात्र त्यांच्या लेकींना मार्क विचारले गेले.

आणि शाळांना कोण विचारतं? मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचा घोटाळा इतका वाढला की उच्च न्यायालयाला सीबीआयकडून कॉलेजं तपासून घ्यावी लागली. अशा कॉलेजांत कर्ज काढून, शिष्यवृत्तीच्या भरवशावर कोण जातं? बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतल्या मुली. कॉलेज बोगस निघालं की वर्षं त्यांची वाया जातात, आणि 'कमी दर्जाची' हा शिक्काही त्यांच्याच कपाळी बसतो. म्हणून दर्जाची मागणी ही आपली मागणी असली पाहिजे. ती विरोधकांच्या हाती सोडून देणं ही आपली चूक आहे.

अफगाणिस्तानची गोष्ट गोड शेवटाची नाही. मे २०२० मध्ये काबूलच्या हजारा वस्तीतल्या प्रसूतिगृहात बंदूकधारी घुसले. बाळंतिणींबरोबर एका सुईणीलाही त्यांनी मारलं. २०२१ मध्ये तालिबान परतले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुलींसाठी सुईण व नर्सिंगचं शिक्षणही बंद केलं. एकीकडे बाईला पुरुष डॉक्टरने तपासायला आडकाठी, दुसरीकडे बाईने शिकायचं नाही. मग तिने मरायचं, एवढाच अर्थ उरतो. वीस वर्षांत उभं केलेलं एका आदेशाने थांबवता येतं, कारण शिक्षणाचा हक्क सत्तेच्या मर्जीवर टांगलेला होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकामागे उभे राहताना बाबासाहेबांनी बाळंतिणीचा प्रश्न दयेवर सोडला नाही, कायद्यात आणला. तो का, हे इथे कळतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी मार्कांचा प्रश्न फेकला, तर उलट विचारा: तुमच्या कॉलेजात प्रत्यक्ष बाळंतपणाचा सराव किती होतो? शिक्षक किती? तपासणी शेवटची कधी झाली? आपल्या तालुक्यातल्या नर्सिंग कॉलेजात जाऊन हेच तीन प्रश्न लेखी विचारा. गरज पडली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मुलीची परीक्षा रोजच होते. आता शाळेची होऊ द्या.

जय भीम!