काम सुटलेला मुलगा



भाताची झोडणी उरकली की मुरबाड-शहापूरकडची तरुण मुले कल्याण, डोंबिवली, भिवंडीची वाट धरतात. कुणी गोदामात लागतो, कुणी बांधकामावर. कंत्राटदाराने काम थांबवले की हीच मुले नाक्यावर उभी दिसतात आणि लोक म्हणतात, "बेकारी वाढली, आता चोऱ्या वाढणार." हे बोलणे अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात गरिबावर अन्याय आहे.

1982 सालचे उदाहरण घ्या. 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळजण कोकणात, साताऱ्याकडे गावी परतले, पण तिथली शेती सगळ्यांना पुरणारी कुठे होती? अनेकांना गिरणी पुन्हा दिसलीच नाही. त्यांनी भाजी विकली, हमाली केली. बायकांनी धुणीभांडी धरली, मंगळसूत्रे मोडली. टोळ्यांत गेले ते मूठभर, आणि त्यांत कामगारांपेक्षा त्यांची शाळा सुटलेली मुलेच अधिक. टोळीकडे रोख पैसा होता आणि या मुलांची विचारपूस करणारे दुसरे कोणी नव्हते.

त्याआधी दहा वर्षे, 1972 चा दुष्काळ. बेकारी त्याहून कितीतरी मोठी. मोर्चे निघाले, ते "काम द्या" म्हणून. मे 1973 मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची. मजुरी तुटपुंजी, सुकडी खाऊन दिवस काढलेले. पण सकाळी उठून जायला ठिकाण होते. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. माझ्या मते खरा फरक इथे आहे. बेकाराला पहिली हाक कोण मारतो, हे पाहावे.

आपल्या भागातही कारखाने गेले. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत पूर्वीचे यंत्रांचे आवाज राहिले नाहीत. मोहने येथील एनआरसी कारखाना 2009 मध्ये बंद पडला. तिथले कामगार चोर झाले नाहीत. थकलेल्या देण्यांची वाट पाहत म्हातारे झाले.

आता हाक मारणारा मोबाइलवरून येतो. "तुझे बँकखाते थोडे दिवस वापरायला दे, काही हजार मिळतील," असे काम सुटलेल्या मुलाला सांगतात. मुलाला वाटते, यात काय बिघडले? मग कुठल्यातरी म्हाताऱ्याचे फसवून लुबाडलेले पैसे त्या खात्यात येतात आणि तासाभरात पुढे जातात. पोलीस मात्र प्रथम खातेदाराच्या दारी येतात. लुबाडणारा दूरच राहतो, आपला मुलगा आरोपी होतो.

म्हणून पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड कुणालाही वापरायला देऊ नये. दिले असेल तर बँकेला लेखी कळवून पोलिसांत जावे. नोकरीसाठी दलालाला पैसे देऊ नयेत. त्यासाठी जमीन गहाण टाकणारे बाप मी पाहिले आहेत. फसवणुकीत पैसे गेलेच, तर लगेच 1930 या क्रमांकावर कळवावे.

आणि काम सुटले हे मुलगा घरी सांगू शकेल, असे घर ठेवावे. पुष्कळजण लाजेने शहरातच राहतात, उधारीवर जेवतात. तिथेच तो फोन येतो. "चार पैसे कमी आण, पण ये," असा निरोप धाडावा. भात निघालेल्या खाचरात ओल आहे तोवर वाल पेरता येतो. विहिरीला पाणी असेल तर जानेवारीत भेंडी, काकडी. त्यातला एक तुकडा त्याच्याकडे सोपवावा आणि त्या मालाची पट्टी त्याच्याच हाती द्यावी. वडिलांकडे बिडीला पैसे मागायला लागले, की मुलगा पुन्हा बसस्टँड गाठतो.