सिमेंटनं मारलेले वाडे

वाड्याला पहार लावणारा निदान उघड पाडतो. माझा खरा राग आहे तो जीर्णोद्धाराच्या नावाखाली भिंतींना सिमेंट फासून वाडा आतून कुजवणाऱ्यांवर, आणि त्यांची बिलं डोळे झाकून मंजूर करणाऱ्यांवर.

बदलाला माझा विरोध नाही. साताऱ्याचा राजवाडा बघा. जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांचा, त्याला लागून नवा शहाजी ऊर्फ आप्पासाहेबांच्या कारकिर्दीतला, तोही एका इंग्रज अभियंत्याच्या हातचा. 1848 मध्ये संस्थान खालसा झालं आणि राजघराण्याच्या वास्तूत कोर्ट आलं, शाळा आली. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव पटावर चढलं ते राजवाड्यात भरणाऱ्या त्याच शाळेत. वास्तूचा उपयोग बदलला म्हणून तिचं काही बिघडलं नाही. उलट माणसांचा राबता होता, म्हणून छप्पर गळलं की कुणीतरी वर चढत होतं.

बिघडतं ते साहित्य बदलल्यावर. वाईतल्या एका वाड्यात मी भिंतीवर बोटानं टकटक केली, तर पोकळ आवाज आला. नवा सिमेंटचा गिलावा जुन्या विटांपासून सुटून फुगला होता. खालच्या बाजूला मिठासारखा पांढरा खार फुटलेला. शेजारच्या सागवानी खांबाला तेलरंग चोपडलेला, आणि तळखड्यापाशी लाकूड नखानं उकरता येत होतं. घाणीत मळलेला चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं. कोंडलेली ओल मग विटांतून तुळयांच्या टोकांपर्यंत पोहोचते आणि पावसाळ्यागणिक लाकूड खात जाते. कृष्णाकाठच्या भिंतींना तर ओल पाचवीला पुजलेली. 2019 च्या महापुरात सांगलीत भिंतींनी किती पाणी प्यायलं ते सगळ्यांनी पाहिलं. ते बाहेर पडायची वाट सिमेंटनं बुजवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.

पैसे नाहीत, ही सबब मला पटत नाही. शहाबादी फरशी उखडून चकचकीत टाइल्स बसवायला पैसे असतात, कमानीवर दिव्यांच्या माळा सोडायला असतात. नसतो तो फक्त चुना भिजवून मुरवायला लागणारा वेळ, कारण उद्घाटनाची तारीख आधीच छापलेली असते.

इंग्लंडात हे भांडण 1877 साली झालं. विल्यम मॉरिसनं जुन्या इमारतींसाठी संस्था काढली आणि ठणकावून सांगितलं, डागडुजी करा, नूतनीकरणाच्या नावाखाली खोटं जुनेपण घडवू नका. तरीही विसाव्या शतकात तिथले शेकडो जमीनदारी वाडे जमीनदोस्त झाले. आज मात्र यादीतल्या इमारतीचं स्वरूप परवानगीशिवाय बदलणं हा तिथं फौजदारी गुन्हा आहे. आपल्याकडे 1960 चा राज्य कायदा आहे, पण तो संरक्षित घोषित झालेल्या स्मारकांपुरता. त्या यादीबाहेरचा वाडा बहुधा मालकाच्या आणि ठेकेदाराच्या मर्जीवर.

म्हणून सातारा-सांगलीकरांना एवढंच सांगतो. तुमच्या गावातल्या जुन्या वास्तूचं सरकारी काम निघालं की माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक मागवा. भिंतींसाठी सिमेंटचा गिलावा लिहिलेला दिसला, तर परांची चढण्याआधी लेखी हरकत घ्या. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळेपर्यंत कौलं चाळून घ्या, पन्हळी मोकळ्या ठेवा, आणि भिंतीला हात लावू देऊ नका.